स्पॉयलर ठरेपर्यंत

मोका गावातल्या त्या गल्लीत एक रादामेसची लाल स्पोर्ट्स कार सोडली, तर सगळंच वेगाने धावत असे. बातम्या धावत, मोटरसायकली धावत, लग्नंसुद्धा जुळून मोडायला फार वेळ घेत नसत. गाडी मात्र दर रविवारी घरासमोरून निघे, पहिल्या गिअरमध्ये गुरगुरत कोपऱ्यावरच्या किरिकोच्या दुकानापर्यंत येई आणि थांबे. तांदूळ, बिअर, उधारी आणि डॉमिनोचा डाव असं सगळं एकाच छपराखाली मिळणारं ते दुकान. तिथल्या सावलीत गाडी लावून रादामेस खुर्चीवर बसे आणि वेगावर बोले.

बोलायचा मात्र झकास. आठवडाभर हा माणूस गाद्यांच्या दुकानात गिऱ्हाइकांना स्प्रिंगा दाबून दाखवतो, हे त्या वेळी कुणाच्या ध्यानातही येत नसे. आत्ताच हेल्मेट काढून बसल्यासारखा थाट असायचा. गाडी अशी पळेल, तशी पळेल, शेजारच्या सांतियागो शहरातल्या गाडीवाल्यांची तोंडं बंद करील. घोडं अडलं होतं ते फक्त स्पॉयलरवर. वाऱ्याने गाडीचं मागचं अंग उचललं जाऊ नये म्हणून डिकीवर आडवी फळी बसवतात, ती. तिच्याशिवाय हायवेवर जाणं म्हणजे जिवाशी खेळ, आणि ती घ्यायची तर नीट पारखून घ्यायला नको का?

पारखणं काही वर्षं चाललं होतं. बुटका स्पॉयलर वारा पकडत नाही, म्हणून बाद. उंच होता तो जास्तच पकडतो, म्हणून तोही बाद. कार्बनचा फार हलका, फायबरचा फार जड, आणि ज्यात काहीच खोट निघेना तो म्हणे बायकी दिसतो. मुली बघायला निघालेल्या लग्नाळू मुलाच्या आईनेही इतकी नाकं मुरडली नसती. गल्लीनेही त्यात मनापासून भाग घेतला. एल्पिदिओ न्हाव्याचं मत पडलं की उंची कोपराला बरोबर यावी, म्हणजे उभ्याने पिणाऱ्याची सोय होते. रादामेस दोन रविवार त्याच्याशी बोलला नाही.

खरी गोष्ट वेगळीच होती. गाडी घेतली त्याच दिवशी तो हायवेवर गेला होता. केळ्यांनी भरलेला एक ट्रक हॉर्न वाजवत शेजारून सुसाट गेला, आणि रादामेसच्या पायांनी जी थरथर धरली ती घरी पोचेपर्यंत थांबली नाही. दुसऱ्या गिअरमध्ये, रस्त्याच्या कडेकडेने, मागच्यांच्या शिव्या खात तो परत आला. हे फक्त त्याच्या बायकोला, मिरेयाला ठाऊक होतं, असं तो समजत होता. किरिकोच्या दुकानातली खुर्ची सोडली तर जगात त्याचं बोलणं कुणी कान देऊन ऐकत नव्हतं. ती खुर्ची गेली तर तो नुसता गाद्या विकणारा उरला असता. याची धास्ती त्याला त्या ट्रकपेक्षा जास्त होती.

नाताळात मिरेयाचा भाऊ वास्कर न्यू जर्सीहून आला. गल्लीत राहणाऱ्या कुणी केली नसती अशी चूक त्याने केली: दाजींचं बोलणं खरं धरलं. साबण, टॉवेल आणि चपला भरून घरच्यांसाठी आणलेल्या पिंपाबरोबर त्याने गोधडीत गुंडाळलेला एक लांबलचक काळा स्पॉयलर आणला, आणि रविवारी ड्रिल घेऊन सरळ दुकानासमोर कामाला लागला. रादामेसने रंगावर शंका घेतली. वास्कर म्हणाला, काळा लालवर शोभतो. रादामेसने स्क्रूंवर शंका घेतली. वास्करने मूठभर स्क्रू काढून दाखवले. प्रेमाने पेटलेल्या माणसाला अडवायचं तरी कसं?

मिरेयाने नवऱ्याला बाजूला घेतलं.

"सांगून टाक ना."

"काय सांगू?"

"पाय कापतात म्हणून. त्यात काय, माणसाचेच पाय आहेत."

"तू एक शब्द काढलास तर बघ," तो म्हणाला, पण आवाज इतका बारीक होता की तिला त्याची कीव आली.

फळी बसली. वास्करने हात पुसले आणि गाडीचं दार उघडून धरलं. "चला दाजी, हायवे. मी शेजारी बसतो." डॉमिनो थांबला. रादामेस स्टिअरिंगवर बसला, किल्लीला हात लावला, आणि उतरून मागे आला. एक डोळा मिटून त्याने फळीकडे पाहिलं.

"तिरकी बसलीय."

वास्करने रमचा काठोकाठ भरलेला ग्लास फळीच्या मधोमध ठेवला. थेंबही सांडला नाही.

"मग गल्ली तिरकी असणार," रादामेस म्हणाला. "तिरक्या गल्लीत जे सरळ दिसतं, ते गाडीवर तिरकंच बसलेलं असतं."

वास्करला हसू आवरेना. "दाजी, घाबरलात की काय?"

तो शब्द त्या दुकानात आजवर कुणी काढला नव्हता. एल्पिदिओ हातातल्या सोंगट्यांकडे बघत राहिला. आता आपलं पितळ उघडं पडलं, हे रादामेसला कळलं.

तेवढ्यात किरिको गल्ल्यामागून उठून बाहेर आला.

"वास्कर, तुझ्या त्या हॉटेलचा फोटो आणलास का रे या खेपेला?"

दर नाताळात वास्कर आपल्या तिकडच्या हॉटेलाबद्दल सांगायचा. किती टेबलं, किती नोकर, शनिवारी बाहेर कशी रांग लागते. फोटो मात्र दर वेळी राहून जायचा. वास्करने भांडी घासायच्या सोड्याने सोलवटलेली बोटं हळूच खिशात घातली.

"फोन बदलला," तो म्हणाला. "जुन्यात होते सगळे."

"असू दे, असू दे. घाई कुठे आहे," किरिको म्हणाला.

वास्करने फळीवरचा ग्लास उचलून घेतला. मग खाकरून म्हणाला, "डावीकडे जरा उतरलीय खरी, दाजी. माझ्या आधी लक्षात नाही आलं."

मग सगळ्यांनाच ती उतरलेली दिसली. एल्पिदिओ म्हणाला, त्याला तर मघाशीच शंका आली होती. सांतियागोहून नीट माणूस बोलवावा लागेल, असं ठरलं, आणि तो सणासुदीत कुठला येतोय, असंही ठरलं.

रादामेसला हायसं वाटायला हवं होतं. पण तो त्या चेहऱ्यांकडे एकेक करून बघत राहिला. एकालाही नवल वाटलेलं दिसत नव्हतं. म्हणजे यांना ठाऊक होतं. आज नाही, पहिल्या रविवारपासून. कुणी तरी हसलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला पहिल्यांदाच वाटलं. कुणी हसलं नाही. किरिकोने खुर्ची पुढे सरकवली आणि एल्पिदिओने विचारलं, "बरं, मग कुठला बघायचा आता?"