टोपण निघाल्यावर

"पोरी, त्या फोटूवाल्यावर नजर ठेव. फोटूत न्हाई आलो, तर आमी हाव कुठं?" असं चंद्रभागाबाई म्हणाल्या तेव्हा शिवकन्या हसली होती. नवऱ्याच्या नोकरीमुळं आष्टीला आलेली ती इतिहासात बी. ए. होती; फोटोला घाबरणाऱ्या माणसांबद्दल तिनं खूप वाचलं होतं.

बहात्तरचा दुष्काळ. आष्टीजवळच्या माळावर सहकारी साखर कारखाना काढायचं घाटत होतं. माळ मोकळा आहे हे वर सरकारला दाखवायला कारखान्याच्या मंडळींनी उत्तरेश्वर फोटोग्राफरला धाडलं होतं. माळावरच चंद्रभागाबाईंची दगडमातीची झोपडी, लांबून माळाच्याच रंगाची, आणि शेजारी न आटलेला एकुलता एक झिरा. तिथं सकाळपासून आठ बायका पाणी वाहत होत्या.

उत्तरेश्वरनं काळ्या तंबूत फोटोची काचेची प्लेट धुऊन बाहेर आणली. कडेवरच्या लेकीला, छबूला सावरत शिवकन्या वाकली. झिरा होता, खडक होते. बाई एकही नव्हती!

"अहो, बायका कुठं गेल्या?"

"चालत हुत्या ना ताई. जुना कॅमेरा हाय. भिंगाचं टोपण काढून धा मोजतो, तवर हलला तो पुसला. अमेरिकेतबी आदी असेच फोटू काढले. डोंगर, नदी, माणूस न्हाई. ते बघून लोक मोकळी जमीन घ्यायला गाड्या जुंपून निघाले."

"आणि तिथं आधीपासून राहणारे?"

"ते कुठं दिसतेत?" तो हसला. "आता दुसरी प्लेट."

शिवकन्या झिऱ्याकडे धावतच सुटली.

"बायांनो, थांबा! आहात तिथं उभ्या राहा!"

"का ग? साप हाय का?" पाणी वाहणाऱ्या वच्छलाबाई ओरडल्या.

"फोटो आहे! हललात तर पुसल्या जाल!"

"मंग पदर तर नीट घेऊ दे!"

चंद्रभागाबाई दारात ठाण मांडून बसल्या. "बघू कोन पुसतंय."

शिवकन्याही छबूला घेऊन बायकांत उभी राहिली. टोपण निघालं. एक, दोन... वच्छलाबाईंच्या नाकावर माशी बसली, त्या गप्प. सहाला छबूनं हातपाय झाडले. शिवकन्येनं श्वास रोखला. नऊ. दहा!

प्लेट आली आणि एकच गलका झाला. आठही जणी घागरींसकट ठसठशीत, दारात चंद्रभागाबाई. शिवकन्येच्या कडेवर मात्र छबूच्या जागी नुसता धूर. तिनं घाबरून छबूला चाचपलं. छबू खुदकन हसली.

उत्तरेश्वरनं दोन्ही प्लेटा पेटीत ठेवल्या. "अर्जाला कोनची लावायची ते मंडळी ठरवतील, ताई."

पुढच्याच आठवड्यात शिवकन्येच्या नवऱ्याची बदली नेकनूरला झाली आणि तिनं आष्टी सोडली. कोणती लावली ते तिला आजवर कुणी सांगितलं नाही. तुम्ही आष्टीकडं निघाला असाल, तर तिच्यासाठी एवढं करा. माळावर जरा वळा, झोपडीपाशी हाक मारा, आणि चंद्रभागाबाई ओ देतात का ते बघून या.