बरोबर उत्तराची पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पट्टी आहे. भाट्ये गावच्या सखाराम सुतारांनी मला फणसाच्या लाकडातून तासून काढलं, ते फळ्यावर सरळ रेघा मारायला. रेघा मी थोड्याच मारल्या. पुढे माझ्या वाट्याला तळहात आले.

सातवीला सर्वेश सर इंग्रजी शिकवायला आले. शिकवणं झकास! शब्द घोकायचे नाहीत, त्यांच्या पोटातलं ग्रीक नाहीतर लॅटिन मूळ ओळखायचं. 'ॲक्वा' म्हणजे पाणी, 'टेली' म्हणजे दूर. एक मूळ कळलं की कितीतरी शब्द आपसूक उलगडत. पालक खूश होते. पण सरांचा एक नियम होता. ज्याला उत्तर येईल, त्याने न येणाऱ्याच्या हातावर मला मारायचं. शाळेत मारायला बंदी आहे ना? म्हणून सर स्वतः कुणाला बोटही लावत नसत.

उत्तर नेहमी उमैमाला येई आणि मार बसे तिच्याच बाकावरच्या राहीला. दोघी जिवाभावाच्या मैत्रिणी. उमैमाने मला हलकेच टेकवलं की सर ओरडत, "गुदगुल्या करतेस काय? परत मार!" मग मी सपकन उतरे. राहीचा हात सुजे. हळूहळू तिने उमैमाशी बोलणंच टाकलं. मला दोघींची दया येई, पण पट्टीला कोण विचारतो!

उमैमाला ते सहन होईना. एका मधल्या सुट्टीत तिने राहीला वर्गातच गाठलं.

"राही, ऐक गो. तुझे बाबा आंब्याच्या पेट्या वाशीला नेतात, ते ट्रान्सपोर्ट. पेट्या दुबईला गेल्या की एक्स्पोर्ट. 'पोर्ट' म्हणजे नेणं. आज सर तेच विचारतील. मी गप्प बसते, तू सांग."

राही पाठ फिरवून बाहेर निघून गेली.

तासाला सरांनी विचारलं, "पोर्ट?" उमैमा मान खाली घालून बसली. राही उठली.

"वाहून नेणं, सर!"

"शाब्बास! घे पट्टी. उमैमाला नाही आलं आज."

उमैमाने हात पुढे केला. ती चक्क हसत होती. राही हसली नाही. इतक्या महिन्यांचा राग तिने माझ्यात ओतला. उमैमाचा हात बाकावर आपटला तरी राही मारतच राहिली. मधल्या बोटाचं हाड कडकन मोडलं, रक्त माझ्या आकड्यांवर उडालं. उमैमा किंचाळली.

"आता कसं वाटतंय गो?" राही ओरडली आणि तिने मला खाली टाकलं.

सर तेव्हा कुठे धावले. "एवढं जोरात मारायला कुणी सांगितलं होतं?" ते राहीवरच खेकसले.

बोट जोडलं, पण वाकडंच राहिलं. दोघी आता वेगवेगळ्या बाकांवर बसतात. मला मात्र धुऊनपुसून पुन्हा खिळ्याला टांगलं आहे. सोमवारपासून सर सहावीलाही मुळं शिकवणार आहेत.

मित्रांनो, निबंधातल्या जुन्या वस्तू सगळ्या 'आम्हाला जपा' म्हणतात. मला जपू नका. सर यायच्या आत मला खाली काढा आणि शाळेच्या खिचडीच्या चुलीत घाला.