बारा कुंड्या आणि एक खिडकी

टायपिस्टबाईंचा खोकला थांबेना, तेव्हा कचेरीतल्या सात जणांनी डोकं चालवलं आणि त्यांच्या टेबलाभोवती बारा कुंड्या आणून मांडल्या. झाडांनी हवा शुद्ध होते, असं कुणीतरी छातीठोकपणे सांगितलं होतं. बाईंना भरून आलं. इतकी वर्षं नोकरी केली, पण आपल्यासाठी एवढं कुणी केलं नव्हतं, घरच्यांनीसुद्धा नाही.

खोकला मात्र वाढतच गेला. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, "महिनाभरात फरक पडला नाही, तर ही नोकरी सोडा." घर बाईंच्या एकटीच्या पगारावर चाललेलं. सोडून जायचं कुठं? आणि कुंड्या आल्यापासून छाती जास्तच भरते, हे सांगायचं कुठल्या तोंडानं?

शेवटी एकदा सफाईवाल्या मावशींनी कुंडीत बोट खुपसलं, मातीचा वास घेतला आणि कपाळाला हात लावला.

"अहो, ही माती आहे का चिखल? बुरशी धरलीये नुसती! पाणी घालतं कोण?"

"मी," हिशेबनीस म्हणाले.

"मी पण," शिपाईमामा पुटपुटले.

एकेक करत सातही जणांनी कबुली दिली. जो तो दुसऱ्याला कळू न देता बाईंच्या झाडांना पेलाभर पाणी घालत होता.

"माणसं आहात का ढग?" मावशी कडाडल्या. "आजच्या आज कुंड्या बाहेर काढा. हिला आधी वारा हवा, वारा!"

मग बाईंनीही डॉक्टरांचं म्हणणं सांगून टाकलं.

वारा यायचा तर खिडकी एकच, तीही हेडक्लार्कच्या फायलींच्या कपाटामागे गडप झालेली. कागद उडतात म्हणून त्यांनीच ती बुजवली होती. टाचणी हलली तरी दिवसभर धुसफुसणारा माणूस! सगळे नुसते कपाटाकडे बघत राहिले. हेडक्लार्क मात्र उठले आणि त्यांनी बाह्या सरसावल्या.

"बघत काय बसलात? हात लावा कपाटाला!"

डॉक्टरांची मुदत संपायला चार दिवस उरले होते, तेव्हाची गोष्ट. बाईंनी एक लांबलचक पत्र टाइप करून संपवलं आणि त्यांच्या ध्यानात आलं, खोलीत अगदी चिडीचूप आहे. मान वर करून बघतात तो सगळे कामं टाकून त्यांच्याकडेच बघत होते. हेडक्लार्कनी दोन्ही कोपरांखाली कागद दाबून धरले होते.

"काय झालं?" बाईंनी घाबरून विचारलं.

"कुठं काय? सकाळपासून एकदाही ठसका नाही," शिपाईमामा म्हणाले.

बाईंना आभार मानायचे होते, पण डोळे असे भरले की समोरची अक्षरं दिसेनात.

"आता नोकरी सोडायचं नाव काढू नका," हेडक्लार्क खिडकीबाहेर बघत म्हणाले. "ते कपाट मी काही परत हलवणार नाही."