आजीसमोर अर्धा तास

त्या घरात बोलायचं काम आजीकडे होतं. मुलगा पन्नाशीला टेकला तरी वाक्य तो सुरू करी आणि संपवी आजी. सून सुरूच करत नसे. "तेवढाच वेळ वाचतो," आजी म्हणे. घरही तिचं आणि खालचं शिवणकामाचं दुकानही तिचंच.

अशा घरातली नात कॉलेजात परकी भाषा शिकायला गेली. लेखी पेपरात वर्गात पहिली, तोंडी परीक्षेत नापास. परीक्षकासमोर दहा मिनिटं खुर्ची गरम करून आली, ओठ म्हणून हलला नाही. पुन्हा नापास झाली तर कॉलेज बंद आणि दुकानातल्या दुसऱ्या मशीनवर बसायचं, असं आजीनं जाहीर केलं. त्या मशीनकडे बघूनच नातीचा जीव घाबरा होई.

मग आजी तिला घेऊन कॉलेजातल्या बाईंना जाब विचारायला गेली.

"तुला सगळं येतं, मग बोलत का नाहीस?" बाईंनी नातीला विचारलं.

"लाजते," आजी म्हणाली.

"घरी बोलतेस ना?"

"भरपूर," आजी म्हणाली.

"आजी, तिला सांगू द्या की."

"मी कुठे अडवलंय? तिचंच सांगतेय."

बाईंनी चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, महिनाभर हिनं रोज अर्धा तास त्या भाषेत मोठ्यानं बोलायचं. समोर कुणीतरी ऐकायला हवं, पण मध्ये तोंड घालायचं नाही.

हे काम आजीनं स्वतःकडेच घेतलं. दुसऱ्या कुणावर तिचा भरवसा नव्हता. रोज दुपारी आजी काजं करत बसे आणि नात समोरच्या स्टुलावर. दोन दिवस पोरगी अडखळली. तिसऱ्या दिवशी तिच्या ध्यानात आलं की आपलं बोलणं तोडायला आजीकडे या भाषेतला एकही शब्द नाही. मग जो बांध फुटला! हातवारे काय, नाक मुरडणं काय. आजी मान डोलावी आणि गिऱ्हाइकांना ऐकवी, "कशी घडाघडा बोलते बघा. माझ्यावर गेलीय."

परीक्षेच्या आदल्या दिवशी बाई कोटाच्या बाह्या आखूड करून घ्यायला आल्या. नातीची पाठ दाराकडे होती. ती बोलत राहिली आणि बाईंचे कान लाल होत गेले.

"चुकतेय का कुठे?" आजीनं विचारलं.

नात दचकून वळली.

"नाही, एकही चूक नाही," बाई म्हणाल्या.

"मग तोंड का असं झालंय तुमचं? काय म्हणतेय ती?"

"ते... घरातल्या एका वयस्कर बाईंबद्दल आहे."

"ठाऊक आहे मला. मी दुसरीत शाळा सोडली बाई, कान नाही सोडले. महिनाभर माझ्याकडे बोट करून कुणी फुलपाखरांचं वर्णन करत नसतं."

"कळत होतं तर थांबवलं का नाहीस?" नातीनं कसंबसं विचारलं.

"थांबवलं असतं तर उद्या पुन्हा मुकी बसली असतीस. आता तिथेही हेच बोल. हात आखडू नकोस, दहा मिनिटं भरायची आहेत."

नात पास झाली, तीही वर्गात पहिली. परीक्षक पोट धरून हसले म्हणे. आजीनं गल्लीभर सांगितलं की परीक्षेत विषय मी होते.

त्या संध्याकाळी सगळे जेवायला बसले असताना नात घरच्या भाषेत, एका दमात म्हणाली, "आजी, मी पुढेही शिकणार आहे. त्या मशीनवर मी कधीच बसणार नाही, आणि बाबांना आता त्यांचं बोलणं पुरं करू देत जा."

मुलाचा घास हातातच राहिला. वाक्य अख्खं पुरं झालं होतं. आजीला संपवायला काही उरलं नव्हतं.

"शीक," ती शेवटी म्हणाली. "पण हे त्या तुझ्या भाषेत सांगायचं होतंस. ऐकायला बरं वाटायचं."