लूशियसच्या तळघरातलं पातळ पाणी

या, असे जवळ सरकून बसा. एक गोष्ट सांगते. तिच्यात देव आहे, गाणं आहे आणि गांज्याची झाडंही आहेत. नाकं मुरडू नका. आमच्या डेट्रॉइटमध्ये आजारी माणसासाठी ती घरी लावायची परवानगी मिळते, आणि माझा शेजारी लूशियस गॅडी याने ती रीतसर काढली होती. आजारी माणूस म्हणजे आमचे रेव्हरंड पेटिफर्ड.

रेव्हरंडांचं प्रवचन बोलण्यात सुरू व्हायचं आणि गाण्यात संपायचं. शब्द कधी सुराला लागले ते कळायचंही नाही. मग ऑर्गनवर बसलेली मिस ऑर्थेलिया त्यांच्या प्रत्येक ओळीमागे सूर टाकायची, आम्ही बाकांवरून "सांगा, रेव्हरंड, सांगा" म्हणायचो, आणि घरी भांडी घासतानाही माझ्या ओठांवर तेच असायचं. दुसऱ्या कुठल्या वाटेने देव माझ्या इतका जवळ कधी आला नाही.

त्या माणसाच्या पोटात कर्करोग निघाला. उपचारांनी अन्न पोटात ठरेना. लूशियसच्या झाडांच्या फुलांचं तेल जिभेखाली घेतलं की चार घास उतरायचे. दुकानातली तेलंही आणून पाहिली, पण त्यांनी डोकं गरगरायचं. हे एकच वाण त्यांना मानवलं होतं. आणि डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, वजन आणखी उतरलं तर पुढचा उपचार थांबवावा लागेल.

तेलाची बाटली तळाला गेली होती. तळघरातल्या झाडांना फुलं धरली होती, आणि नेमकी तेव्हाच पानांची टोकं करपायला लागली.

त्या रविवारी रेव्हरंड व्यासपीठावर उभे राहिले ते दोन्ही हातांनी कठडा धरून. सूर लावायला गेले आणि आवाज फाटला. मिस ऑर्थेलिया नेहमीसारखी जोरात वाजवत होती, त्यात ते बुडूनच गेले. मग तिने काय केलं, तर एक हात उचलून मांडीवर ठेवला आणि दुसऱ्याच्या एका बोटाने इतकं हळू वाजवलं की दिव्यांची गुणगुण ऐकू यावी. तेवढ्या आधारावर रेव्हरंडांनी प्रवचन शेवटापर्यंत नेलं. लूशियस माझ्या पुढच्या बाकावर होता. त्याची मान घामाने भिजली होती.

तिथून आम्ही थेट त्याच्या तळघरात. तो, त्याची बायको आयडेला आणि पाण्याचे डबे उचलायला मी.

ही झाडं मातीत नसतात. प्रत्येकाची मुळं आपापल्या बादलीत, खत मिसळलेल्या पाण्यात लोंबत असतात. पाण्यात खत किती, ते लूशियसचा मीटर सांगायचा. चार बादल्या होत्या, पण चौथीतलं झाड शुक्रवारीच मान टाकून गेलं होतं. उरलेल्या तिन्ही झाडांची पानं काळपट हिरवी, पंजासारखी खाली वळलेली.

"भुकेली आहेत," लूशियस म्हणाला. खताची बाटली त्याच्या हातात होती. "आज खत कडक करतो."

"चौथ्याला कडक केलं होतंस," आयडेला म्हणाली.

"उशिरा केलं, म्हणून गेलं ते."

"तुझ्या हातचं जेवून कोणी गेलं की तू नेहमी हेच म्हणतोस."

मला हसू आलं, पण त्याला नाही आलं. चर्चच्या पंगतीत हा माणूस वाढपी. ताट रिकामं दिसलं की विचारणं नाही, पळीभर वाढून मोकळा. पुरे म्हणणाऱ्यावर त्याचा विश्वासच नव्हता.

आयडेलाने मीटर पहिल्या बादलीत बुडवला. "आकडा कालच्यापेक्षा चढलाय. तू रात्री काही घातलंस?"

"नाही. शपथ घेऊ?"

"नको, रविवार आहे. आणि पाणी बघ, चार बोटं उतरलंय." ती टाचांवर बसली. "लूशियस, माझं पालेभाजीचं पातेलं चुलीवर विसरलं तर काय होतं?"

"पाणी आटून खारट होतं. दर नाताळला खातो ना मी."

"मग मी त्यात मीठ घालते की पाणी?"

त्याने बाटलीचं झाकण उघडलं. मग म्हणाला, "हे पातेलं नाही, आयडे. ही तीन गेली तर माझ्याकडे कलमसुद्धा नाही. तू पाणी घातलंस आणि ती खरंच उपाशी असली तर? फुलं भरणारच नाहीत. मी रेव्हरंडांना काय सांगू, जरा काटकसर केली म्हणून?"

"आणि कडक करून मेली तर काय सांगशील?"

"निदान पोटभर दिलं असं सांगेन."

त्याने मापाचा पेला भरला. खताचा एक ओघळ मनगटावरून शर्टाच्या पांढऱ्या बाहीत गेला. आयडेलाने त्याला अडवलं नाही. नुसती पाहत राहिली. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. पेला बादलीच्या काठावर टेकला आणि तिथेच थांबला.

"आज सकाळी ऑर्थेलियाने हात काढून घेतला," तो म्हणाला. आमच्याशी बोलत होता की झाडांशी, कोण जाणे.

"हो."

"मी मनात तिला शिव्या घातल्या. म्हटलं, बाई, वाजव, तो पडतोय."

"आणि ते पडले नाहीत," आयडेला म्हणाली.

त्याने पेला खाली ठेवला. "साधं पाणी दे."

क्लोरीन उडून जावं म्हणून कालपासून शिळं ठेवलेलं नळाचं पाणी मी डब्यांतून पुढे सरकवलं. त्याने निम्मं जुनं पाणी काढून तिन्ही बादल्या साध्या पाण्याने भरल्या. आकडा उतरला तसा त्याचा चेहराही उतरला, जणू कोणाच्या पुढचं ताट ओढून घेत होता.

करपलेलं टोक पुन्हा हिरवं होत नाही, म्हणून वाट पाहायची ती नव्या पानाची. ते दिवस फार वाईट गेले. तळाची पानं पिवळी पडली तशी लूशियसची बोटं शिवशिवायला लागली. आयडेलाने खताची बाटली पिठाच्या डब्यात पुरून ठेवली. तो शोधत फिरायचा आणि ती भजन गुणगुणत बिस्किटं लाटायची. रेव्हरंडांची बाटली रिकामी झाली. त्यांच्या कोटाचे खांदे आणखी लोंबले.

मग एका सकाळी लूशियसने कुंपणावरून मला हाक मारली. खाली गेले. फुलांच्या मधून कोवळी पानं फुटली होती, टोकापर्यंत हिरवी, आणि मीटरचा आकडा आदल्या दिवशी होता तिथेच होता, म्हणजे पाण्यात आता खत साचत नव्हतं.  लूशियस एक पान बोटावर धरून माझ्याकडे बघत राहिला.

फुलं भरली. आयडेलाने तेल काढलं. लूशियसने स्वतः नेऊन दिलं आणि सोबत सूप नेलं, अर्धी वाटी. सगळं संपल्यावर रेव्हरंडांनी आणखी मागितलं, तेव्हा कुठे त्याने दुसऱ्यांदा वाढलं. काट्यावर वजन होतं तिथेच ठरलं आणि डॉक्टरीणबाईंनी पुढचा उपचार दिला. ईस्टरला रेव्हरंड गायले. पहिल्यासारखं नाही, पण गायले.

लूशियस आता नाही. झाडं आयडेला बघते. तर माझी एवढीच विनंती. उद्या कोणाच्या ताटात प्रेमाने आणखी वाढायला पळी उचलाल, तेव्हा क्षणभर लूशियस गॅडीची आठवण ठेवा. खाऊ घालण्यावाचून ज्याला दुसरं प्रेम माहीत नव्हतं, त्याने त्या रविवारी हात आवरला होता.