पाचशेचे दोन

"सर्व्हरला पॉवर सप्लाय दोन द्यायचे, आणि एकटा उरला तरी सगळा भार पेलेल असाच प्रत्येक घ्यायचा." आजारपणात वडिलांनी धाकटीकडून तसा शब्दच घेतला होता.

रक्तपेढीला जाणारा दोन प्रोसेसरचा सर्व्हर तिने तपासायला घेतला. पूर्ण काम दिल्यावर तो सातशे वॅट खात होता, आणि दादाने बसवलेले दोन्ही सप्लाय पाचशेचे होते.

"दादा, एक बंद पडला की दुसराही बसेल."

"गिऱ्हाईक डबे मोजतं बाई, वॅट नाही. आठशेचे लावले असते तर भाव चढला असता आणि ऑर्डर समोरच्याकडे गेली असती."

"बाबा म्हणायचे..."

"बाबा देवमाणूस. म्हणून तर दुकान अजून भाड्याचं आहे. तू तुझे उपास कर, धंदा मी बघतो."

दुपारी सर्व्हर रवाना झाला. 'तपासून दिला' या ओळीखाली दादाने तिला न विचारता तिचाच शिक्का मारला होता.

तिला ओरडता आलं नाही, कधीच यायचं नाही. पण दुकानाचा स्वतःचा सर्व्हरही त्याच बनावटीचा होता, आणि त्याला दादाने आठशेचे दोन बसवून घेतले होते. घरच्यासाठी वॅट बरोबर मोजले होते त्याने.

दादा जेवायला गेल्यावर तिने तो सर्व्हर रीतसर बंद केला, दोन्ही सप्लाय काढून पिशवीत ठेवले आणि रक्तपेढीच्या रस्त्याला लागली. येताना पाचशेचे दोन घेऊन यायचे होते.