साडूंची देखणी माशी

मासेमारीचा हंगाम सुरू व्हायला तीन आठवडे होते आणि आमच्या दंतवैद्य साडूंनी जेवणाचं टेबल बळकावलं होतं. गळाभोवती दोरा, पिसं आणि केस गुंडाळून ते खोट्या माश्या बांधत. माशाला ती खरी वाटावी आणि त्याने गिळावी, एवढीच माफक अपेक्षा. घरचे मांडीवर ताटं घेऊन जेवत. कुत्र्याचं शेपूट निम्मं बोडकं झालं होतं.

"माशाच्या मनात काय चाललंय, ते मला बरोबर कळतं," साडू म्हणाले.

"आणि बायकोच्या?" मेहुणीने विचारलं. साडूंना ते ऐकू आलं नाही.

हंगामाच्या पहिल्या सकाळी आम्ही दोघं नदीवर गेलो. साडूंनी सर्वांत देखणी माशी निवडली आणि ऐटीत काठी मागे झुलवली. माशी थेट माझ्या कानात रुतली. मी बोंब ठोकली. साडू धावत आले, कानाशी वाकले आणि ओरडले, "हलू नका! पंख चुरगळतील!"

दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गळ कापूनच काढावा लागेल."

साडूंचा चेहरा पडला. "त्यापेक्षा कान जरा कापा ना," ते काकुळतीला येऊन म्हणाले. "कान शिवता येतो हो. ही माशी बांधायला मला दोन दिवस लागलेत."

बाईंनी त्यांना बाहेर बसवलं आणि गळ कापला. त्यानंतर महिनाभर साडू माझ्याशी बोलले नाहीत.